कडक धुलाई

९ जानेवारी

प्रिय मावशी,

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सात नंबरची नळी निळी झाली, आणि तिथून माझं सगळं फिरलं. तू म्हणशील, काडेपेटीचं रोजच काहीतरी फिरत असतं, कॉलेज सोडलं तेव्हाही यानं हेच लिहिलं होतं. मान्य. पण ते सोडणं होतं. हे लागणं आहे.

नीट सांगतो, नाहीतर तू पत्र काकांकडे देशील आणि ते इस्त्री बाजूला ठेवून नुसते हसतील.

मी इथे काय करतो ते तुला माहीत आहे. नळ्या धुतो. दोन वर्षं विज्ञान शिकून पोरगं प्रयोगशाळेत नळ्या धुतंय, असं बाबा येईल-जाईल त्याला सांगतात. त्यांना म्हणावं, ती चेष्टा नाही. आधी साबण, मग नळाचं पाणी, मग तीनदा डिस्टिल्ड पाणी, मग ओव्हनमध्ये वाळवण. ओव्हन नोव्हेंबरपासून बंद आहे. दुरुस्तीवाला येतो, दार उघडतो, "हं" म्हणतो आणि जातो. म्हणून तर तुझ्याकडे कापडं मागितली. बाकीच्यांच्या नळ्या मी स्टँडवर उलट्या घालतो, वाळतील तेव्हा वाळतील. तिच्या मात्र एकेक करून पुसतो. काठीला कापड गुंडाळायचं, आत घालून फिरवायचं, उजेडात धरून बघायचं. आरशासारख्या होतात. तुझं कापड झकास आहे, करकरीत, एक धागा सुटत नाही. संपत आलंय, अजून पाठव. मागे सांगितलं होतं तसंच, कडक धुऊन.

आता ती. सगळी लॅब तिला ताई म्हणते. शिपाई म्हणतो, सर म्हणतात, तिच्यासारखाच संशोधन करणारा, तिच्याहून सहा वर्षांनी मोठा असलेला बगळासुद्धा म्हणतो. मी मेलो तरी म्हणणार नाही. मॅडम म्हटलं तर ती मागे वळून बघते की कोण आलं. त्यामुळे मी तिला काहीच म्हणत नाही. "हे घ्या," "ते बघा," असं आडून आडून चालतं, नव्या नवरीसारखं. हसू नकोस.

तिचं काम बटाट्यावर आहे. (हस. एवढ्यावर हसून घे, मग पुढे वाच.) बटाट्यात पॉलिसॅकराइड असतं, म्हणजे साखरेच्या बारीक मण्यांची लांबच लांब माळ. ती ओवणारा कारागीर म्हणजे एन्झाइम. गंमत अशी की या कारागिराला आयत्या माळेच्या टोकालाच मणी जोडता येतो. माळच नसेल तर समोर मण्यांचा ढीग असून तो हातावर हात ठेवून बसतो. तुझ्या विरजणासारखं. दूध आहे, ऊब आहे, पण जुन्या दह्याचा थेंब नाही, तर सकाळी दूध ते दूधच. मग पहिली माळ आली कुठून? जगातलं पहिलं विरजण कुणी दिलं? तिची चार वर्षं या एका प्रश्नात गेली आहेत. प्राण्यांच्या स्नायूंत म्हणे असं एक प्रथिन सापडलंय, ते पहिला मणी स्वतःच्याच अंगाला चिकटवून घेतं, मग त्यावर माळ चढते. बटाट्यातही कुणीतरी असा पहिला असणार, असं तिला वाटतं. "कुणाला तरी स्वतःपासून सुरुवात करावीच लागते ना," असं ती म्हणाली. मलाच म्हणाली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

तर सात नंबरच्या नळीत सगळ्या माळा काढून टाकलेला बटाट्याचा अर्क होता, मणी होते, विरजण नव्हतं. आयोडीनचा थेंब टाकला की माळ असेल तर निळं होतं, नसेल तर आयोडीनचाच पिवळट रंग राहतो. निळं झालं! दौतीतल्या शाईसारखं. तिनं माझं मनगट धरलं. रबरी हातमोज्यातून, पण धरलं.

तेवढ्यात बगळा आला. उंच, पांढरा कोट, एका पायावर भार टाकून तासन्‌तास उभा राहतो आणि मासा दिसल्याशिवाय हलत नाही. त्यानं नळी खिडकीकडे धरली. शाब्बास नाही, वा नाही. एकच प्रश्न. "नळ्या कुणी धुतल्या?"

मी म्हटलं, "मी."

"हं," म्हणाला, आणि वहीत काहीतरी लिहिलं. मावशी, त्या "हं"मध्ये काहीतरी काळंबेरं आहे.

तुझा,
काडेपेटी


१६ जानेवारी

चि. काडेपेटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काकांना वाचायला दिलं नाही. मोठ्यानं वाचून दाखवलं. नव्या नवरीपाशी ते हसले आणि एका गिऱ्हाइकाची कॉलर जळता जळता वाचली. तुझ्या प्रेमापायी दुकान बंद पडायचं.

जुन्या चादरीची बारा कापडं कापून, तू म्हणतोस तशी कडक करून, शनिवारच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे दिली आहेत. काका म्हणत होते, पुसायच्या कापडाचे एवढे लाड कशाला? मी म्हटलं, मोठ्या लोकांत वावरतो, तिथली रीत असेल.

आता माझं ऐक. त्या पोरीचं लक्षण मला ठीक दिसत नाही. तिला तुझं नाव तरी माहीत आहे का? तीन पानांत ती तुला एकदाही हाक मारत नाही. हातमोज्यातून मनगट धरणारीचं मला काही कौतुक नाही, आम्हीही मळके कपडे तसेच उचलतो. नळी निळी झाली तर नाव तिचं. उद्या निळी झाली नाही तर कुणाला बोलावतील, ते बघ. धुणाऱ्यालाच बोलावतात. तीस वर्षांचा अनुभव सांगते.

आणि तो बगळा. नळ्या कुणी धुतल्या, असं माणूस उगाच विचारत नाही. शर्टाला डाग राहिला की मीही पहिलं तेच विचारते. त्याला काहीतरी दिसलंय. काय दिसलंय ते बघ. दुसऱ्या कुणाच्या नळीत ते निळं होतं का रे?

ते पॉली की काय म्हणजे नक्की काय, तेही लिही. एवढ्याशा बटाट्यात एवढं मोठं नाव मावतं कसं?

तुझे बाबा परवा आले होते. पोरगं जेवतं का, म्हणून विचारत होते. मी म्हटलं, मणी मोजतं. एक लक्षात ठेव, तिथून काही झालं तरी दार आपटून निघू नकोस. कॉलेजचं दार आपटलंस त्याचा आवाज तुझ्या आईच्या कानातून अजून गेलेला नाही.

मावशी


२५ जानेवारी

मावशी,

तुझी जीभ काळी आहे. डागाचं लिहिलंस आणि डाग पडला.

तिनं प्रयोग आणखी तीनदा केला. तीनही वेळा निळं. मग बगळ्यानं तोच अर्क आणि तेच मणी घेऊन स्वतःच्या नळ्यांत केला. पिवळं. पुन्हा केला. पिवळं. तिसऱ्यांदा केला नाही, सरळ सरांकडे गेला. म्हणाला, "ताईंच्या नळ्यांत कुठून तरी विरजण जातंय. मुद्दाम की चुकून, ते मला माहीत नाही." हे सकाळी. दुपारपर्यंत लॅबमध्ये "चुकून" गळून पडला आणि "मुद्दाम" तेवढा राहिला. आता ती खोलीत आली की लोक चहाचा कप उचलून बाहेर जातात.

किती विरजण पुरतं माहीत आहे? तू विचारलंस ना पॉलिसॅकराइड म्हणजे काय. अगं, स्टार्च! तुझ्या दुकानात पातेल्यात शिजते ती खळ! आता झालं समाधान? तिचा डोळ्याला न दिसणारा एक कण नळीत असला तरी एन्झाइम त्याच्या टोकाला धरून माळ ओवत सुटतं आणि अर्ध्या तासात सगळं निळं. नुसता कण आयोडीनला दिसतही नाही. तिनं एन्झाइमशिवाय एक नळी लावली होती, ती पिवळीच राहिली. म्हणून तर तिचा विश्वास बसला. म्हणजे कुणीतरी कण टाकत असेल तर तो फार हुशार माणूस असला पाहिजे. हुशार, थंड आणि एका पायावर उभा राहणारा.

गुरुवारी मी दारात होतो. बगळा तिच्या स्टँडपाशी वाकलेला, माझ्याकडे पाठ. हात नळ्यांवर. हातात काहीतरी होतं. बाटली असावी. नाही, बाटलीच होती. मी आत गेलो आणि कॉलर धरली. चष्मा खाली पडला. काय म्हणाला माहीत आहे? "सोड. मी नळ्या मोजतोय." नळ्या मोजायला बाटली लागते?

बारा फेब्रुवारीला बैठक आहे. सर असतील आणि बाहेरून दोघे जण येणार आहेत. त्यांच्यासमोर ती प्रयोग करून दाखवणार. तिनं मुद्दाम काही घातलं असं ठरलं तर तिची इथली जागा गेली, चार वर्षं गेली, आणि पुढे कुठल्याही लॅबचं दार तिला बंद. मी ते होऊ देणार नाही. मी उभा राहून सांगणार आहे की बगळ्याला तिच्या नळ्यांत बाटलीतून ओतताना मी या डोळ्यांनी पाहिलं. मग कुणाची जागा जायची त्याची जाऊ दे. लहानपणी तू म्हणायचीस ना, प्रत्येक गोष्टीत एक खळ असतोच, तो ओळखता आला पाहिजे. मी ओळखलाय.

काल तिनं मला विचारलं, "तुला वाटतं का मी काही घातलं असेल?" मी "नाही" म्हणालो. इतक्या जोरात म्हणालो की बाजूच्या खोलीतून शिपाई धावत आला.

कापडं मिळाली. छान आहेत.

काडेपेटी


३० जानेवारी

चि. काडेपेटीस,

पत्र पोचलं. इकडे सर्व ठीक. मागे शनिवारच्या गाडीनं पाठवलेली कापडं चुकून दुसऱ्या गिऱ्हाइकाची गेली आहेत. ती वापरू नकोस, असतील तेवढी सगळी परत पाठव. आधीची उरली असतील तर तीही. ड्रायव्हर आपलाच आहे. बैठकीत तू काही बोलू नकोस, कुणाचं नाव घेऊ नकोस. जमलं तर त्याआधी चार दिवस घरी ये, काकांची पाठ दुखते.

मावशी


३ फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. वाचायला फारसं काही नव्हतंच. एरवी तीन पानं लिहितेस, त्यात पानभर टोमणे असतात. या वेळी एकही टोमणा नाही. आशीर्वादसुद्धा नाहीत. मी घाबरलोच.

मग विचार करायला लागलो. गिऱ्हाइकाची चादर तू बारा तुकडे करून मला पाठवलीस? तू? तीस वर्षांत इकडचा रुमाल तिकडे गेला नाही, हे तूच जगाला सांगत फिरतेस. आणि आधीच्या पत्रात "जुन्या चादरीची" असं स्वतःच्या हातानं लिहिलंयस, पत्र माझ्यासमोर आहे. काकांची पाठ तर मला जन्मात कधी दुखलेली आठवत नाही.

मावशी, तू खोटं बोलते आहेस, आणि तुला ते जमत नाही.

कोण आलं होतं तुझ्याकडे? बाबा? "पोराला परत आण, फुकटच्या भानगडीत पडलाय," असं म्हणाले असतील. की बगळ्यानं लिहिलं तुला? तुझ्या पाकिटांवर मागे पत्ता असतो आणि पाकिटं दिवसभर शिपायाच्या टेबलावर पडलेली असतात. परवा बगळा तिथे उभा होता, मी पाहिलंय. हल्ली तो माझ्याशी फार गोड बोलतो. कॉलर धरली त्याची तक्रारही त्यानं केली नाही. इतका चांगला माणूस कुणी असतो का? आणि काल विचारतो कसा, "कापडं कुठून आणतोस रे?" मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय? माझ्या घरून येतात." त्यानंतर तुझं हे पत्र! मी मूर्ख नाही.

कापडं परत पाठवणार नाही. उलट काल बसून बैठकीसाठीच्या तिच्या सगळ्या नळ्या पुन्हा पुसल्या. दोनदोनदा. अशा चमकतात की बाहेरच्या लोकांचे डोळे दिपतील. बारा तारखेला मी बोलणार म्हणजे बोलणार. तुला काही माहीत असेल तर सरळ लिही. नसेल तर या जगात माझं म्हणावं असं एकच माणूस उरलंय, आणि तिला माझं नाव माहीत आहे की नाही ते मला ठाऊक नाही.

काडेपेटी


७ फेब्रुवारी

चि. काडेपेटीस अनेक आशीर्वाद. मागच्या वेळचेही यातच धर.

खोटं लिहिलं. कापडं आपलीच आहेत, चादर आपलीच होती, काकांची पाठ ठणठणीत आहे. कुणी आलं नाही, कुणी लिहिलं नाही.

तुझं पंचवीस तारखेचं पत्र मी पातेल्यापाशी उभी राहून वाचत होते. एका हातात पळी, एका हातात पत्र. "तुझ्या दुकानात शिजते ती खळ" असं आलं आणि माझी पळी थांबली. खळ तळाला लागली, सगळं दुकान करपट वासानं भरलं, तरी मी उभीच. काका म्हणाले, "काय झालं? पोरगं बरं आहे ना?"

त्या चादरीचं एक कापड उरलं होतं. काकांना चटका बसला की लावायची टिंचरची बाटली फळीवर असते, तीही आयोडीनचीच. थेंब टाकला. आधी तपकिरी दिसला. मग बघता बघता काळानिळा होत पसरला. काकांनी पाहिलं आणि म्हणाले, "पण त्यानं कडक म्हटलं होतं." मी म्हटलं, "हो ना, कडक म्हटलं होतं." पाच मिनिटं आम्ही दोघं एकमेकांना तेच सांगत होतो.

अरे, आमच्या धंद्यात कडक म्हणजे खळ घातलेलं. दुसरा अर्थच नाही. तुला घासूनपुसून स्वच्छ म्हणायचं होतं ना? मग स्वच्छ लिहायला काय झालं होतं? पातळ खळ घातली मी, नवी साडी असावी तशी, तुझं नाक वर राहावं म्हणून. आणि ती तू नेमकी त्या पोरीच्याच नळ्यांत फिरवलीस. बाकीच्यांच्या नळ्या पुसल्या असत्यास तर सगळ्यांच्याच निळ्या झाल्या असत्या आणि तेव्हाच कळलं असतं.

मला वाटलं, कापडं परत आली की धुऊन टाकीन आणि गोष्ट मिटेल. धुतलं की डाग जातो, एवढंच मला येतं.

गोष्टीतला खळ शोधत होतास. घे, सोबत पाठवली आहे.

आता तू ठरव. ते कापड काडी लावून जाळलंस तरी मी विचारणार नाही. कुणाला कळणारही नाही. पण एक सांग. ती बाटली खरंच पाहिलीस का? मी तुझी मावशी आहे, मला खोटं चालतं, नुकतंच लिहून बसले आहे. पण त्या बगळ्याच्या घरीही कुणीतरी त्याच्या पत्राची वाट बघत असेल.

मावशी


१३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

शनिवारच्या गाडीनं येतोय. काकांची पाठ दुखते असं सांगून चार दिवसांची रजा घेतली आहे. तेव्हा काकांना सांग, कुणी विचारलं तर थोडं वाकून चाला.

तुझं पाकीट अकरा तारखेला आलं. आधी मी तुझ्यावर इतका भडकलो की पत्र चुरगळून कोपऱ्यात फेकलं. मग उचललं. लॅबमधून थोडं आयोडीन आणलं आणि तू पाठवलेल्या कापडाच्या दुसऱ्या टोकावर टाकलं. निळं. मी पुसत होतो त्या कापडावर टाकलं. निळं. मग माझ्या शर्टाच्या बाहीवर टाकलं. निळी. उशीच्या अभ्र्यावर टाकलं, तोही निळा. मावशी, मी तुझ्या खळीतच झोपतो, खळीतच उठतो. शाळेत असल्यापासून तुझ्याच दुकानातलं अंगावर घातलं, म्हणून ते करकरीत कापड हाताला कधी वेगळं लागलंच नाही. तुझ्यावरचा राग तिथेच संपला. "कडक" मी लिहिलं होतं. दोनदा लिहिलं होतं.

तिला आधी जाऊन सांगायचं होतं. दोनदा तिच्या खोलीपर्यंत गेलो. ती नळ्यांवर नंबर घालत होती आणि गुणगुणत होती. परत आलो.

काल बैठक झाली. लांब टेबल, सर, बाहेरचे दोघे, एका टोकाला बगळा, दुसऱ्या टोकाला ती. मध्ये तिचा स्टँड, मी पुसलेल्या दहा नळ्या. सर म्हणाले, "प्रयोगाआधी एक गोष्ट. या मुलानं काही पाहिलं असं ऐकतो." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तिनंही. मावशी, चार महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याकडे असं बघत होती, जणू तिचं सगळं माझ्या एका शब्दावर आहे. आणि ते होतंच. "बाटली" एवढा एकच शब्द. माझ्या जिभेवर तयार होता.

मी म्हटलं, "पाहिलं. त्यांच्या हातात पेन होतं. ते नळ्या मोजत होते."

बगळ्यानं चष्मा काढला आणि पुसायला लागला.

मग म्हटलं, पहिला मणी आपल्याच अंगाला लावून घ्यावा. खिशातून कापड काढलं, टेबलावर पसरलं. सांगितलं, "विरजण माझ्या हातून जातंय. या कापडाला खळ आहे." माझी मावशी लॉन्ड्री चालवते इथपासून सगळं सांगितलं. "कडक"पाशी बाहेरच्यांपैकी एक जण हसला, मग सरांकडे बघून थांबला.

कुणी काही बोलायच्या आत तीच उठली. पाच नळ्या स्टँडमधून काढून बगळ्याकडे दिल्या. त्यानं स्वतः सिंकपाशी उभं राहून त्या धुतल्या, कापड न लावता, आणि रुमालही खिशात ठेवून हातानं झटकल्या. पाच माझ्या, पाच त्याच्या. सगळ्यांत तोच अर्क, तेच मणी. अर्धा तास गेला. मग तिनं एकेक थेंब टाकत नेला. निळी, निळी, निळी, निळी, निळी. पुढे पिवळी. पिवळी. पिवळी. नवव्या नळीपाशी तिचा हात थांबला. मला वाटलं, आता ती सोडून देईल. तिनं नवव्यात टाकला, दहाव्यातही टाकला. दोन्ही पिवळ्या.

सरांनी कागदावर एकच शब्द लिहिला, मी उलटा वाचला. "चुकून." गळून पडलेला शब्द परत आला. तिची जागा राहिली. बगळ्याला कुणी काही विचारलं नाही. बटाट्यातला तो पहिला कोण, ते मात्र कुणालाच सापडलेलं नाही. महिनाभर तिला सापडला होता तो माझ्या उशीच्या अभ्र्यात होता.

लोक उठायला लागले. ती नळ्या गोळा करत होती. वर न बघता तिनं विचारलं, "एक कळलं नाही. फक्त माझ्याच नळ्या का पुसल्यास?"

मावशी, सगळी खोली जागच्या जागी खिळली. सर दारात थांबले. बाहेरचे दोघे थांबले. माझे कान एवढे तापले की त्यांवर तुमची इस्त्री गरम झाली असती. कॉलेजात असंच सगळ्यांसमोर विचारलं होतं तेव्हा मी खुर्ची लाथाडून निघालो होतो. आताही पाय शिवशिवले.

बगळा म्हणाला, "तो डावखुरा आहे, ताई. तुमचा स्टँड त्याच्या हाताला जवळ पडतो."

मी डावखुरा नाही हे तुला माहीत आहे. ते कापड या सगळ्या वेळात माझ्या उजव्या हातात होतं. तिनं त्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की तिला कळलं. तिनं मान खाली घातली, पेन्सिल घेतली आणि वहीचं नवं पान उघडून वर तारीख घातली.

बगळ्यापाशी गेलो. माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानंच माझी कॉलर सरळ केली आणि म्हणाला, "मावशींना सांग, खळ उत्तम घालतात."

मग मी दारापाशी आलो. तिला जाताना काहीतरी म्हणायला हवं होतं, आणि काहीच न म्हणता हाक मारायची सोय आता उरली नव्हती.

"येतो, ताई," म्हटलं.

"ये," ती म्हणाली, आणि माझं नाव घेतलं. तिला माहीत होतं.

बाहेर आलो. ते दार जड आहे, सोडलं की आपोआप आपटतं. मी मूठ धरून ठेवली आणि कडी बसल्याचा बारीकसा आवाज येईपर्यंत ते हळूहळू लावून घेतलं.